सोळा अँपिअरची पिन

कुडाळ,
रविवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. नानकटाया छान दिसतायत. वरच्या भेगा बरोबर पडल्यात असं आई म्हणाली. मला म्हणाली, तुला नाही, तेव्हा तिने म्हटलं असं धरू नकोस. आता मला सांग, ओव्हनच्या मागून जी काळी वायर फ्रिजच्या आड गेलीय ती पुढे कुठे गेलीय? मी फोटो मोठा करून बघितला. खाली पांढरा एक्स्टेन्शन बोर्ड दिसतोय, त्यातच फ्रिजची पिन आहे, आणि ओव्हनच्या जाड पिनेला मधे कन्व्हर्टर लावलायस. बरोबर ना?

पत्र त्यासाठी लिहीत नाहीय. फोनवर तू "बाबा, झालं का सुरू?" म्हणतेस आणि मग मला पुढचं काही सुचत नाही, म्हणून कागद घेतला. तू कृती मागितली होतीस. आईच्या वहीतल्या त्या पानावर तूप सांडून पलीकडची अक्षरं अलीकडे उमटलीत, तेव्हा तिला विचारून लिहितो. ती स्वयंपाकघरातून सांगतेय, मी ओटीवर बसून लिहितोय, आणि हे कोणासाठी चाललंय ते आम्ही दोघंही बोलत नाही.

मैदा एक वाटी, बेसन अर्धी, बारीक रवा पाव. पिठीसाखर पाऊण, तूप पाऊण, पीठ कोरडं वाटलं तर वर चमचाभर. तूप पातळ करायचं नाही. थिजलेलं, रवाळ घ्यायचं आणि परातीत तळहाताने पांढरं होईपर्यंत फेसायचं. तुझ्याकडे ते फिरवायचं मशीन आहे म्हटलं, तर म्हणाली, असूदे, हाताला कळतं ते मशीनला कळत नाही. मग साखर घालून परत फेसायचं, मग पिठं, वेलची, जायफळ. सोडा चिमूटभरच. जास्त झाला तर रंग काळपट येतो आणि जिभेला साबण लागतो. गोळे लांब लांब ठेवायचे. ओव्हन आधी दहा मिनिटं तापवून १६० ते १७० वर पंधरा-अठरा मिनिटं. बाहेर काढशील तेव्हा मऊ लागतील, कच्च्या राहिल्या म्हणून परत आत ढकलू नकोस. गार होताना खुसखुशीत होतात. तुझा पहिला घाणा पसरून चपटा झाला म्हणालीस, तो तुपामुळे. पुण्यात एप्रिलमध्ये ओट्यावर ठेवलेलं तूप कितीसं थिजून राहणार? गोळे करून झाले की अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव.

आणि फ्रिज वेगळ्या प्लगवर घे.

बघ, तापवायला लावलेला ओव्हन ती पहिली दहा मिनिटं सलग करंट ओढतो. मग थर्मोस्टॅट टक्‌ करून तोडतो, परत जोडतो. तुझ्या ओव्हनच्या पाठीवर पत्र्याची पट्टी असेल, तीवर १५०० वॅट लिहिलेलं असणार. २३० ने भाग. साडेसहा अँपिअर येतात. साधा प्लग सहाचा असतो, वर त्याच बोर्डावर फ्रिज. एक घाणा निघतो, काही होत नाही, मग माणसाला वाटतं चालतंय की. पण तू ऑर्डर असली की रात्री अकराला सुरू करतेस ती पहाटेपर्यंत. वायर एकदम पेट घेत नाही गो. पिनेपाशी जिथे ढिली असते तिथे तापते, तापली की प्लॅस्टिक मऊ पडतं, मग आणखी ढिली होते, आणखी तापते. सगळं आतल्या आत. अशा तापलेल्या प्लॅस्टिकला बऱ्याचदा माशासारखा वास येतो. आपल्याकडे कोणाच्या लक्षातही यायचं नाही, पण तू पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आहेस. तिथे रात्री बांगड्याचा वास आला तर शेजाऱ्यांचं जेवण समजू नकोस, आधी मेन बंद कर.

हात लावून बघ, पिन गरम लागते का. ओव्हन बंद करून.

शिमग्याला जे झालं ते झालं. तू पालखीच्या दिवशीच ते बँकेचं सांगायला नको होतंस एवढं मात्र मला अजून वाटतं. घरात नाना काका, वहिनी, तिच्या माहेरची माणसं. आई सगळ्यांना वाढत होती आणि तुझं वाक्य तिने हातात डाव घेऊन ऐकलं. तिला राग नोकरी सोडल्याचा आहे की लोकांसमोर कळल्याचा, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही. दादाच्या वेळीही असंच झालं होतं.

आता धंदा करायचाच तर नीट कर. हिशेबाची वही घाल. मैदा, तूप, खोके सगळे लिहितात, वीज कोणी लिहीत नाही. दीड किलोवॅटचा ओव्हन तासभर सलग चालला तर दीड युनिट, थर्मोस्टॅट मधे मधे तोडतो म्हणून एक धर. तेवढे पैसे डझनाच्या भावात यायला हवेत. खाण्याचा पदार्थ घरून विकायचा तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती केलीस का? मैत्रिणींना फुकट देणं बंद कर. उधारी नको. रात्रीचं जागरण नको. माणूस झोपेत असताना घरात काही तापत ठेवू नये.

परत सुरू झालं माझं. जाऊदे, रागावू नकोस. चाळीतल्या मास्तरांसारखं झालंय हे.

खरं म्हणजे मला आजीच्या धोंडसाचं लिहायचं होतं. तू त्या दिवशी कोणाला तरी "आमच्याकडे बेकिंग नव्हतंच" म्हणालीस, ते मी ऐकलं. नव्हतं कसं? श्रावण-भाद्रपदात वेलावरचं तवसं, म्हणजे ती मोठी काकडी, पिकून पिवळंजर्द झालं की आजी ते किसायची. किसाला सुटलेलं पाणी टाकायचं नाही, त्यातच भाजलेला रवा भिजवायचा. गूळ, ओलं खोबरं, काजूचे तुकडे, मिठाची कणी. जाड बुडाच्या टोपात केळीचं पान, त्यावर हे सगळं, वर झाकण, आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. खाली चुलीत मंद विस्तव. "वर नि खाली सारखो व्हयो," म्हणायची. तुझ्या ओव्हनच्या बटणावर दोन कॉइलचं चित्र आहे ना, खालची आणि वरची, तेच ते. आजी झाकणावर तळहात धरून बघायची, उष्णता मनासारखी नसली की चिमट्याने एक निखारा इकडचा तिकडे करायची. कडेची खरपूस साल कोणाला मिळणार यावरून मी आणि नाना भांडायचो. नानाला मिळायची, तो धाकटा.

आणि नानकटाई तर मे महिन्यात बाजारातल्या बेकरीत भाजून आणायची. मैदा, तूप, साखर आपण न्यायची, मजुरी द्यायची. पाव निघाले की भट्टीत जी धग उरायची तीवर आपले ट्रे आत जायचे. आई लग्न होऊन आली त्या वर्षी ती स्वतः पत्र्याचा डबा घेऊन तिथे बसली होती, आपल्या तुपातलं कोणी काढून घेईल म्हणून. तिला हे आठवलं आणि आत्ता हसली. तुला कळवू नका म्हणाली.

२०२१ ची गोष्ट मी अजून आमच्या वीज खात्यातल्या लोकांत सांगतो. तौक्ते वादळ येऊन गेलं, जिल्हाभर खांब आडवे, माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. बाहेरच्या जिल्ह्यांतून पोरं आली होती मदतीला. घराघरांत अंधार, दूध नाही, बेकऱ्या बंद. तू लॉकडाउनमुळे घरी होतीस. गॅसवर मोठी लोखंडी कढई ठेवलीस, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर परात उपडी, आणि त्यात ओवा-जिऱ्याची खारी बिस्किटं भाजत बसलीस. घाण्याला दहा-बारा निघायची. मी डबा भरून लाईनवर न्यायचो. ती पोरं खांबाखाली चिखलात उभी राहून कोऱ्या चहात बुडवून खायची. एकाने विचारलं, कुठल्या बेकरीची? मी म्हटलं, माझ्या मुलीची. बेकरी बिकरी काही नव्हती तेव्हा, पण तोंडातून तसंच निघालं.

ती बिस्किटं पण ठेव विकायला. गोड सगळेच करतात. मिरी जरा भरड कुटून घाल, आणि तुपाऐवजी अर्धं लोणी घेऊन बघ.

म्हणजे मला तू हे करू नयेस असं वाटतं का? नाही. वाटत असतं तर शिमग्यालाच बोललो असतो. मी गप्प बसलो ते आईला वाईट वाटेल म्हणून, आणि तू त्याचा अर्थ भलताच काढलास. मी तीसेक वर्षं खात्यात काढली. जळलेले बोर्ड पाहिलेत, बोर्डामागची जळलेली भिंत पाहिलीय, आणि त्या घरातली माणसं बाहेर रस्त्यावर उभी असतात तीही पाहिलीत. म्हणून एवढं बोलतो. तू दार आतून लावून एकटी असतेस. बाकी काही नाही.

तर काय करायचं ते लिहितो. मेनपासून ओट्यापर्यंत वेगळी वायर ओढून घ्यायची, तांब्याची, चार स्क्वेअर एमएम. तिला स्वतःचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. ओट्यावर सोळा अँपिअरचा प्लग, अर्थिंग तपासून. कन्व्हर्टर फेकून द्यायचा, ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही. गिझरचा प्लग सोळाचाच असतो, पण म्हणून ओव्हन न्हाणीघरात नेऊ नकोस. तू नेशील, म्हणून सांगतो.

अर्थात तू इलेक्ट्रिशियन शोधू नकोस, मीच येतोय. शुक्रवारी निघेन, टेस्टर आणि पक्कड माझ्याकडे आहे, वायर तिकडे घेऊ. आईला म्हटलं पेन्शनच्या कामाला पुण्याला जाऊन येतो. ती म्हणाली, पेन्शनच्या कामाला जाताच आहात तर रात्रीचीच गाडी धरा, दिवसा तूप पातळ होतं.

घरमालकाचा नंबर पाठव. भिंतीला भोक पाडायला विचारावं लागेल. मी फक्त विचारणार आहे, भांडणार नाही. तोवर फ्रिजची पिन काढ त्या बोर्डातून, आणि काढलीस की फोटो पाठव. नानकटाईचा नको, बोर्डाचा.

तुझे
बाबा