पुडीवर सोडियम नको, मीठ लिहा

महोदय,

गेल्या चैत्रात माझा रक्तदाब १६०च्या वर गेला आणि डॉक्टरांनी मीठ निम्म्यावर आणायला सांगितले. पहिले दोन-तीन आठवडे अळणी वरणभात घशाखाली उतरेना. मग हिने आमटीत कोकम वाढवले, भाजीवर ओले खोबरे-कोथिंबीर, ताकात जिरेपूड; भाकरीच्या पिठातले मीठ तर बंदच केले. (पहिल्या दिवशी मी ताटावरून उठलो होतो, हेही कबूल करतो.) दीड महिन्याने लेकीकडे जेवायला गेलो, तर तिची नेहमीचीच आमटी खारट लागली!

घोळ झाला तो दुकानातून येणाऱ्या जिनसांचा. पापड-लोणचे खारट, हे कळते. पण पाव, बिस्किटे, सॉस? मिठातला रक्तदाब वाढवणारा घटक म्हणजे सोडियम, आणि ते ढोकळ्यातल्या खाण्याच्या सोड्यातही असते, हे मला साठी उलटल्यावर समजले. परवा शेवेच्या पुडीची मागची बाजू भिंग लावून वाचली. १०० ग्रॅममध्ये सोडियम ८०० मिलिग्रॅम. आता यात मीठ किती? नातवाने सांगितले, आजोबा, अडीचने गुणा. म्हणजे २ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. चहाबरोबर ५० ग्रॅम शेव तोंडात टाकली की त्यातला एक ग्रॅम गेला, आणि जेवण व्हायचेच असते.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांचे आकडे ठळक, मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली होती. अक्षरे मोठी व्हावीतच. पण 'सोडियम' आणि 'मिलिग्रॅम' कितीही मोठे छापले तरी माझ्यासारख्याला त्यातून मीठ दिसत नाही. पुडीच्या दर्शनी बाजूला मराठीत 'या पुडीत मीठ इतके ग्रॅम' एवढे लिहायला काय हरकत आहे?

शेजारी सैंधव वापरा म्हणतात. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे आपले मीठच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ही सूचनाही पुडीवर मराठीत, भिंगाशिवाय वाचता येईल अशी हवी.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा