‘पोलिश’ लेखनपद्धतीच्या कर्त्याविषयी

प्रति,
संपादक,

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील संगणकाच्या इतिहासावरील लेखात ‘पोलिश’ लेखनपद्धतीचा उल्लेख आहे, पण तिच्या कर्त्याचे नाव नाही. ते नाव पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच. (३ + ४) × ५ ही पदावली × + ३ ४ ५ अशी, क्रियाचिन्हे आधी घेऊन लिहिली की कंस लागत नाहीत. १९२४ मध्ये त्यांना ही युक्ती सुचली ती तर्कशास्त्रातील सूत्रांसाठी, आणि त्यांच्या कार्यातील तो तसा किरकोळ भाग होय.

त्यांचे खरे धाडस म्हणजे १९२० मध्ये प्रसिद्ध केलेले त्रिमूल्य तर्कशास्त्र. ‘पुढील वर्षी २१ डिसेंबरला दुपारी मी वॉर्सात असेन’ हे विधान आजच सत्य असेल तर मला तेथे असणे भागच आहे आणि आजच असत्य असेल तर ते अशक्यच आहे. मग माझ्या इच्छेला वाव कोठे उरतो? अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेला हा पेच सोडवण्यासाठी वुकाशेविच यांनी अशा विधानांना १ (सत्य) व ० (असत्य) यांखेरीज १/२ हे तिसरे मूल्य दिले. मला हा तोडगा पुरता पटत नाही, कारण त्यामुळे ‘उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही’ या निरुपद्रवी विधानालाही अर्धेच मूल्य मिळते; परंतु दोनच मूल्यांची सक्ती मोडता येते, हे त्यातून दिसले.

वुकाशेविच आणि स्तानिस्वाव लेश्न्येव्स्की हे दोघेही ल्वूव (आजच्या युक्रेनमधील ल्विव) येथे तत्त्वज्ञ काझिमिएश त्वार्दोव्स्की यांच्या हाताखाली घडलेले तत्त्वज्ञ. वॉर्सा विद्यापीठात मात्र त्यांची अध्यासने गणित व निसर्गविज्ञान शाखेत होती. त्यामुळे गणिताचे विद्यार्थी त्यांच्या वर्गात येत. लेश्न्येव्स्की यांच्याकडे डॉक्टरेट मिळवणारे एकमेव विद्यार्थी आल्फ्रेड तार्स्की यांनी १९३३ मध्ये ‘सत्य’ या शब्दाची काटेकोर व्याख्या केली आणि पुरेशी समृद्ध भाषा स्वतःच्याच विधानांच्या सत्यतेची व्याख्या करू शकत नाही, हे सिद्ध केले. ऑगस्ट १९३९ मध्ये ते परिषदेसाठी अमेरिकेला निघाले आणि युद्ध पेटल्याने तेथेच राहिले. मागे राहिलेले त्यांचे सहकारी आडोल्फ लिंडेनबाउम १९४१ मध्ये नाझींकडून मारले गेले. वुकाशेविच यांची अखेरची दहा वर्षे डब्लिनमध्ये गेली.

लेखमालेच्या पुढील भागात त्यांचे नाव अवश्य द्यावे. रोमन लिपीतील पहिले अक्षर ‘एल’सारखे दिसत असले तरी त्यावर आडवी रेघ असते आणि त्याचा उच्चार ‘व’ होतो.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा