नाण्यांचा कुठला खेळ घ्यायचा हे प्रेक्षक कुठे उभा आहे त्यावर ठरतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतल्या प्रश्नोत्तरांत एका तरुण वाचकाने विचारलं होतं की नाण्यांची जादू बऱ्यापैकी येते, आता पैसे घेऊन शो करायचेत, तर कुठला खेळ बसवू. त्याला उत्तर मिळालं की जो सगळ्यात अवघड असेल तो बसव, म्हणजे बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसशील. मी याच कामावर पोट भरतो आणि त्यातही नाणी हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, त्यामुळे राहवलं नाही, हे उत्तर त्या मुलाला भलत्याच वाटेला नेईल असं मला मनापासून वाटतं. खेळ किती अवघड आहे हे फक्त दुसऱ्या जादूगाराला कळतं हो. समोरच्या माणसाला एवढंच कळतं की नाणं इथे होतं, आता नाहीये, आणि हे मला नीट दिसलं की नाही दिसलं. त्यामुळे खेळ निवडायचा तो बघणारा कुठे आहे, किती लांब आहे, बसलाय का उभा आहे, त्याच्या मागे किती जण आहेत हे बघून. बाकी सगळं नंतर. (कुठल्याच खेळाची रीत इथे सांगत नाहीये, ती बघणाऱ्यांसाठी बंदच राहिलेली बरी.)

पहिला प्रश्न, टेबल आहे का? ऐकायला साधा वाटतो पण बरीचशी छाटणी इथेच होऊन जाते. मेट्रिक्स नावाचा खेळ आहे, चार नाणी, चार पत्ते, चार कोपरे आणि नाणी एकेक करून एकाच पत्त्याखाली गोळा होतात, अल श्नायडर यांनी तो १९७० मध्ये आणला, मूळ कल्पना तर त्याच्याही खूप आधीची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची. अतिशय देखणा खेळ आहे, मी घरी आलेल्या मित्रांना तो आजही आनंदाने दाखवतो. पण त्याला मोकळं टेबल लागतं, खाली मऊ मॅट लागते आणि वरून खाली बघणारे लोक लागतात. पार्टीत जाऊन बघा, टेबलावर ग्लास, डिश, फोन, पर्स, कोपर टेकायला जागा नसते, तिथे चार कोपरे आणणार कुठून, आणि चुकून जागा मिळालीच तरी पलीकडे बसलेल्याला आडवं पडलेलं नाणं नाणं म्हणून दिसतच नाही, दिसते ती चकाकणारी एक रेघ. टोनी स्लायडिनी नाणी टेबलातून आरपार न्यायचे, त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं, पण ते समोर खुर्चीवर बसलेल्या मोजक्या लोकांसाठी, स्वतः बसून. त्यांची नजर, खांदे, पुढे झुकणं, मागे रेलणं, सगळं त्या बसण्यातच गुंफलेलं होतं. तो खेळ उचलून उभ्याने फिरत करायला गेलं की त्यातला जीवच जातो.

मग उभ्याने करायचे खेळ. इथे तीन नाणी एका हाताच्या बोटांच्या टोकांवरून एकेक करून दुसऱ्या हाताच्या टोकांवर जातात तो प्रकार कामाच्या जादूगारांमध्ये खूप चालतो, जॉनथन टाउनसेंड यांची कल्पना आणि नंतर क्रिस केनर यांनी १९९० च्या दशकात ‘थ्री फ्लाय’ म्हणून गाजवलेला. तो का चालतो ते नीट समजून घ्यायला पाहिजे. नाणी छातीच्या उंचीवर, चेहऱ्याच्या जवळ धरलेली असतात, म्हणजे माणूस तुमच्याकडे बघतोय आणि नाण्यांकडेही बघतोय, टेबल नको, मॅट नको, आणि तिसऱ्या रांगेतल्यालाही दिसतं. पण याला अँगल जपावे लागतात, म्हणजे कोण कुठल्या बाजूने बघतंय ते सांभाळावं लागतं. समोर अर्धवर्तुळात लोक असतील तर ठीक, डाव्या-उजव्या बाजूला अगदी खांद्याला खांदा लावून कोणी येऊन उभं राहिलं की संपलं, आणि पार्टीत लोक येतातच हो, ट्रेमधून काहीतरी उचलता उचलता मागे येऊन थांबतात. भिंतीला पाठ लावून उभं राहायची सोय असेल तिथेच हा खेळ काढायचा, नाहीतर खिशात राहू द्यायचा.

माझं ठाम मत विचाराल तर चारी बाजूंनी लोक असतील तिथे प्रेक्षकाच्या मुठीत घडणाऱ्या खेळाला तोड नाही. माझ्या हातातली नाणी एकेक करून तुमच्या बंद मुठीत पोचतायत आणि शेवटी तुम्ही स्वतः मूठ उघडता. इथे जादूची जागाच माझ्या हातातून निघून तुमच्या हातात जाते, त्यामुळे कोण कुठल्या बाजूला उभं आहे याचा ताण बराच कमी होतो आणि जी माणसं लांब आहेत, ज्यांना नाणं दिसतही नाही, ती मूठ उघडणाऱ्या माणसाचा चेहरा बघतात आणि त्यांना तेवढं पुरतं. आणखी एक, हा खेळ ती व्यक्ती दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका वाक्यात सांगू शकते, “नाणी त्याच्याकडे होती आणि माझ्या मुठीत आली”. जो खेळ बघणाऱ्याला एका वाक्यात सांगता येत नाही तो बसवण्यात महिने घालवू नयेत. मी तीनच नाणी वापरतो. चार घेतली की एकच गोष्ट एकदा जास्त होते, आणि प्रत्येक वेळी लोकांना पकडायची आणखी एक संधी मिळते, शिवाय पुढे काय होणार हे आधीच कळलेलं असतं. तीनमध्येही प्रत्येक वेळ थोडी वेगळी पाहिजे, दुसरं नाणं पहिल्यापेक्षा हळू जावं, तिसरं सगळ्यात कडक अटींमध्ये.

आता नाणं कुठलं. जगभर हातचलाखीवाले अमेरिकन अर्धा डॉलर वापरतात, तो साधारण ३०.६ मिलिमीटरचा, आणि जुना चांदीचा मॉर्गन डॉलर ३८.१ मिलिमीटरचा, जवळजवळ २७ ग्रॅम वजनाचा. लांबून बघणाऱ्यासाठी मोठा डॉलर चांगला हे खरं, पण हात लहान असेल तर तळहातात ते नाणं घेऊन हात सैल ठेवता येत नाही आणि ताठ हात हा कुठल्याही प्रेक्षकाला लगेच खटकतो, का खटकला हे त्याला सांगता येणार नाही पण खटकतो. हात पूर्ण सैल ठेवून जेवढं मोठं नाणं सांभाळता येईल तेवढं घ्यावं. १९६४ पर्यंतच्या अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असायची, त्याचा आवाज वेगळा, आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेली जुनी नाणी एकमेकांवर घासताना कमी बोलतात, शांत खोलीत तीन-चार माणसांसमोर काम करताना याचा फार उपयोग होतो, गाणी मोठ्याने लावलेल्या हॉलमध्ये शून्य उपयोग. रंग बदलायचा खेळ असेल तर जुनी इंग्लिश पेनी आणि अर्धा डॉलर ही जोडी खूप पूर्वीपासून चालत आलीय कारण दोन्हीचा आकार जवळपास सारखा आणि रंग तांब्याचा विरुद्ध चांदीचा, पाच-सहा फुटांवरूनही फरक कळतो. फक्त अनोळखी देशाचं नाणं काढलं की लोकांना वाटतं यातच काहीतरी असणार. त्यासाठी खेळाच्या आधीच ते त्यांच्या हातात द्या, उलटसुलट करू द्या, वजन बघू द्या. आणि निदान एक छोटा खेळ तरी लोकांकडून मागून घेतलेल्या रोजच्या नाण्यावर होईल असा ठेवा, तो मग शंकेला जागाच ठेवत नाही.

यावरून गिमिकचं, म्हणजे आत छुपी करामत करून खास बनवलेल्या नाण्यांचं. गिमिकवाल्या नाण्यांना माझा विरोध अजिबात नाही, काही तर इतकी सुंदर बनवलेली असतात की हातात घेऊन बघत बसावं. पण प्रेक्षक हात पुढे करून “दाखवा बघू” म्हणतोच, लहान मुलं तर विचारतही नाहीत, सरळ ओढतात. त्या क्षणी हातात काय आहे यावर सगळं अवलंबून. म्हणून शेवट क्लीन पाहिजे, म्हणजे खेळ संपला तेव्हा जे दिसतंय तेच आणि तेवढंच हातात. आणि रीसेट. दोन तास टेबलामागून टेबल करायचे असतील तर एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना, चालता चालता, खिशात हात घालून सगळं परत जागेवर आलं पाहिजे. बाथरूममध्ये जाऊन सेट करावा लागणारा खेळ घरच्या मंडळींसाठी ठेवा.

स्टेजबद्दल थोडं जास्त लिहितो कारण लोकांना वाटतं नाणी म्हणजे फक्त जवळून बघायची जादू. टी. नेल्सन डाउन्स, १८६७ चा जन्म, हे आधी रेल्वेत टेलिग्राफ ऑपरेटर होते, आणि १८९९ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये नुसत्या नाण्यांवर कार्यक्रम करत होते. मोठं थिएटर आणि हातात एवढंसं नाणं! त्यांचा ‘मायझर्स ड्रीम’ म्हणजे हवेतून एकामागून एक नाणी काढून हॅटमध्ये टाकायची. विचार करा, शेवटच्या रांगेतल्याला नाणं कितीसं दिसत असेल, पण हात हवेत गेला, काहीतरी चमकलं, हात खाली आला हे सगळ्यांना दिसतं, आणि हॅटऐवजी धातूची बादली घेतली तर प्रत्येक नाण्याचा खण्ण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, डोळ्यांना जे पुरत नाही ते कान भरून काढतात. पुढे अल फ्लोसो यांनी हाच खेळ एका लहान मुलाला स्टेजवर घेऊन केला, मुलाच्या कानातून, नाकातून नाणी निघतायत आणि मुलगा थक्क, आणि सगळं थिएटर त्या मुलाकडे बघून हसतंय. खेळ तोच, पण आता बघायला एक पूर्ण माणूस आहे. नाण्याचा खेळ मोठ्या जागेत न्यायचा असेल तर त्यात आवाज आहे का आणि माणूस आहे का एवढं तपासा. हल्ली मोठ्या कार्यक्रमात कॅमेरा आणि स्क्रीन असतो, मग छोटा खेळही चालतो, पण कॅमेरावाला कुठे उभा राहणार हे शोच्या आधी जाऊन ठरवून घ्या, तो तुमच्या डाव्या खांद्यामागे उभा राहिला तर स्क्रीनवर अख्ख्या हॉलला नको ते दिसेल.

व्हिडिओ बघून खेळ निवडणाऱ्या मुलांची मला खरंच काळजी वाटते. व्हिडिओत एकच डोळा असतो, तोही जागचा हलत नाही, आणि चांगला जमलेला टेकच लोकांसमोर येतो. प्रत्यक्षात वीस डोळे वेगवेगळ्या उंचीवर असतात, आणि आता तर त्यातले दोन-तीन जण फोनवर शूटिंग करत असतात, घरी जाऊन स्लो मोशनमध्ये बघणार. वेगावर चालणारे खेळ तिथे उघडे पडतात. ज्या खेळात महत्त्वाचं काम लोक हसत असताना किंवा तुमच्या चेहऱ्याकडे बघत असताना, अगदी सावकाश होतं, ते तुलनेने टिकतात.

त्या मुलाला माझं उत्तर असं आहे. सुरुवातीला एका नाण्याचा, टेक्निकला सोपा, अर्ध्या मिनिटाचा खेळ ठेव, कारण पहिल्या शोला हात थरथरतात, तळहात घामेजतात किंवा एसीने गार पडतात आणि नेमकं त्याच वेळी अवघड पामिंग (नाणं तळहातात लपवून धरणं) करायला गेलास तर नाणं जमिनीवर वाजेल. मग मुठीतला तीन नाण्यांचा खेळ. स्टेज मिळालं तर मायझर्स ड्रीम. एवढ्यावर बरीच वर्षं काम करता येतं, नवीन खेळ त्यात हळूहळू येऊ दे. आणि पैसे घ्यायच्या आधी हे सगळं शोला घालणार असशील त्याच कपड्यांत, त्याच खिशांनिशी, उभ्याने कर, घरातल्या एकाला डावीकडे उभं कर, एकाला उजवीकडे, एकाला समोर जमिनीवर बसव, आणि त्यांना कुठे काय दिसलं ते विचार.

आपला,
एक नियमित वाचक