दत्तक मुलाबरोबर त्याचे शब्दही जाऊ द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्याकडील बहुतेक दांपत्यांना दत्तक घेण्यासाठी तान्हे बाळ हवे असल्यामुळे परदेशी पालकांच्या वाट्याला बरेचदा पाच-सहा वर्षांची, घडाघडा मराठी बोलणारी मुले येतात. ‘कारा’चे (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे) ना-हरकत प्रमाणपत्र, न्यायवैद्यकाइतक्या बारकाईने तपासलेली कागदपत्रे, पारपत्र हे सारे पूर्ण होते, पण मूल आणि पालक प्रथमच एका खोलीत राहतात, तेव्हा त्यांच्यात एकही सामाईक शब्द नसतो.

मी निवृत्त शिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका शिशुगृहातून सहा वर्षांची मुलगी स्पेनमधील दांपत्याने दत्तक घेतली, तेव्हा ओळखीतून मला दुभाषी म्हणून बोलावले गेले, तेही चौथ्या दिवशी. तोवर तीन रात्री ती मुलगी हॉटेलात रडून झोपली होती. मी विचारल्यावर तिने एका दमात सांगितले, “दिवा बंद करतात.” शिशुगृहातील पडवीत रात्रभर दिवा असे, एवढेच कारण होते. आणखी एक गंमत, म्हटली तर करुण: ती धीर करून ‘आई’ अशी हाक मारी, तेव्हा आई दचकून तिला कुठे लागले आहे का ते पाहू लागे, कारण स्पॅनिशमध्ये ‘आय्’ हा कळवळण्याचा उद्गार आहे. (आपणही ठेच लागली की ‘आई गं’च म्हणतो, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा कुठे त्या बाई हसल्या.)

मुले नवी भाषा लवकर शिकतात, हे खरे आहे. मात्र तितक्याच वेगाने जुनी विसरतात, आणि एक गेलेली व दुसरी न आलेली अशा मधल्या काळात दुखणे, भीती, हट्ट यांपैकी काहीच त्यांना सांगता येत नाही. तिकडच्या अधिकृत दत्तक संस्थेकडून दोन वर्षे मुलाचे प्रगती अहवाल येतात, परंतु खरी अडचण पहिल्या काही आठवड्यांची असते.

माझी सूचना साधी आहे. मुलाच्या अभ्यास अहवालाला (त्याची पार्श्वभूमी, सवयी सांगणाऱ्या) आणि वैद्यकीय अहवालाला जोडून त्याच्या नेहमीच्या पन्नासेक शब्दांचे पान द्यावे: भूक, शू, भीती, नको, मावशी, झोपताना तो काय मागतो, रुसला की काय म्हणतो. सोबत त्याला सांभाळणाऱ्या मावशींच्या आवाजातील ध्वनिमुद्रण असावे, कारण ‘नको’चे रडवेले आणि लाडिक असे दोन सूर कागदावर उतरत नाहीत. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात वर्षानुवर्षे जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश शिकवले जाणाऱ्या या शहरात पालकांसाठी दुभाषी विद्यार्थी मिळणे अवघड नाही. मराठीची बाजू सांभाळायला आमच्यासारख्या निवृत्त शिक्षिका आहेतच. संस्थांनी फक्त पालक विमानात बसण्यापूर्वी कळवावे, चौथ्या दिवशी नव्हे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे