कम्युनिटी सेंटरबद्दल आठवण, प्लीज पूर्ण वाचा
मेंबर मंडळी, ग्रुपवर परत तोच प्रश्न आलाय की सेंटर म्हणजे फक्त हॉल आणि कॅरम का, म्हणून एकदाच सविस्तर टाकतोय.

सगळ्यात आधी ज्येष्ठांचं. सकाळच्या व्यायामाला आईबाबांना पाठवा, टाळू नका. ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून निदान ३ दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटना पण सांगते, कारण पडणं कमी होतं, आणि खरं सांगू का, व्यायामापेक्षा नंतरच्या गप्पांचाच जास्त फायदा होतो, एखादा दोन दिवस दिसला नाही तर लगेच कोणीतरी फोन करून विचारतं.

मुलांसाठी संध्याकाळी अभ्यासिका उघडी असते. दहावी-बारावीवाल्यांनी खालच्या वर्गातल्यांना गणित शिकवायचं, त्यात त्यांचंही पक्कं होतं. मोबाईल बाहेर ठेवायचा, हो, पालकांनी पण!

नोकरी करणाऱ्या आईवडिलांना मुलं शाळा सुटल्यावर कुठे ठेवायची हा प्रश्न आजचा नाहीये, शिकागोत १८८९ मध्ये हल हाऊस नावाचं आपल्यासारखंच वस्तीतलं सेंटर सुरू झालं तेव्हा तिथेही कामगार आयांच्या लहान मुलांची सोय करावीच लागली होती. आपल्याकडे त्यासाठी माणसं कमी पडतायत, आठवड्यातला एक तास देऊ शकणाऱ्यांनी इथेच नाव टाका.

फॉर्म भरायला, ऑनलाइन अर्जाला मदत लागली तर कागदपत्रं सोबत आणा, पण ओटीपी कुणालाच सांगू नका, आम्हालाही नाही.

आणि खुर्च्या वापरून झाल्या की जागेवर ठेवा राव.