मागचे ब्रेक आणि अनोळखी हात

गाडीचे मागचे ब्रेक-शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) घरीच बदलले, पण एकट्याने नाही; मदतीला आलेल्या अनोळखी मंडळींनो, हे आभार तुमचे. ड्रम (शूंवरचं गोल लोखंडी झाकण) निघेना, हातोडा उचललाच होता, तेवढ्यात तुमच्यापैकी कुणीतरी विचारलं, "हँडब्रेक सोडलाय का?" सोडला नव्हता, शूंनी ड्रम आतून धरूनच ठेवला होता! (पुढच्या चाकांना दगड लावले होते, एवढी तरी अक्कल होती.) हँडब्रेक सोडल्यावरही गंजाने धरलेला ड्रम त्याच्याच आट्यांच्या 2 भोकांत बोल्ट आळीपाळीने पिळल्यावर सुटला; ही युक्तीही तुमचीच. आतली धूळ फुंकू नका, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा, असं बजावणाऱ्या ताई, विशेष आभार. आणि "एका वेळी एकच बाजू उघडा" म्हणणारे काका, कुठली स्प्रिंग कुठे, हे दुसऱ्या चाकाकडे पाहूनच कळलं हो! नावं विचारायची राहिली. हँडब्रेक आता चौथ्या खटक्याला धरतो.