विनय, आधी दादाकडे ये

सातारा,
शनिवार

प्रिय विनय,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दर शुक्रवारी उपास धरतोस, पहाटे उठून प्रार्थनेला बसतोस, हे वाचून बरं वाटलं. दादाशी बोलायचं की नाही, याविषयी देवाची इच्छा तुला कळावी म्हणून मीही प्रार्थना करावी, असं लिहिलंस. तुझ्यासाठी मी रोजच प्रार्थना करतो. पण ही प्रार्थना माझ्याच्याने होत नाही. जे प्रभूने आधीच सांगून ठेवलंय, ते पुन्हा सांग म्हणून कुठल्या तोंडाने मागू?

मत्तय पाचवा अध्याय काढ. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, जा, आधी भावाशी समेट कर. चूक कोणाची, हे प्रभू विचारतही नाही. तू म्हणशील, इथे दुखावलेला मी आहे. मग अठरावा अध्याय काढ: भावाने तुझा अपराध केला असेल तर तू जा आणि दोघंच असताना त्याला सांग. म्हणजे अपराधी तू असलास तरी तूच जायचं आणि दादा असला तरी तूच. दोन्ही दारं प्रभूने बंद करून ठेवली आहेत. पळायला जागा नाही, विनय.

तुझ्या उपासाला मी नावं ठेवत नाही. पण शौल राजा आठव. अमालेकी शत्रूंचं काहीही ठेवू नकोस अशी देवाची आज्ञा असताना त्याने चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली, आणि शमुवेल संदेष्ट्याने विचारल्यावर म्हणाला, परमेश्वराला यज्ञ करायला ठेवलीत. (पहिल्या शमुवेलातला तो पंधरावा अध्याय वाचायला जड जातो, मलाही जातो. पण शौलाची सबब ओळखीची आहे.) देवासाठी काहीतरी मोठं करतोय, या समाधानात सांगितलेलं छोटं काम मागे ठेवायचं. शमुवेलाने तिथेच सांगितलं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं.

गेल्या प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या मंडळीत एक गोष्ट घडली. आमच्या एक वयस्कर बाई आहेत. त्यांचं आणि त्यांच्या जावेचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. येताना एक पुढच्या बाकावर, दुसरी अगदी मागे दाराशी, हे ठरलेलं. पाळकसाहेबांनी पाचारणाचे शब्द वाचले आणि बाई उठल्या. सगळ्यांना वाटलं त्या पुढे जाणार. त्या मागे वळल्या. गुडघे दुखतात म्हणून एकेक बाक धरत दाराशी पोचल्या, जावेच्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, “अक्का, माझ्याकडून झालं गेलं संपलं. तुमचं काही राहिलं असेल तर सांगा.” जावेने गाण्याच्या पुस्तकातून मान वर केली नाही. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, पदर सावरला, पुन्हा बाक धरत धरत पुढे आल्या आणि भाकर घेतली.

ती जाऊ अजून धड बोलत नाही. मी मुद्दाम सांगतोय, कारण तुझ्या पत्रातली खरी भीती मला वेगळीच वाटली: मी गेलो आणि दादाने दार लावलं तर? लावेलही. दादाचं मन वळवणं तुझ्या हातात नाही आणि प्रभूने ते तुझ्याकडे मागितलेलंही नाही.

तुमचे पाळक म्हणाले, “वेळ येऊ दे.” त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरी मंडळीचा मान आणि ख्रिस्ताची आज्ञा यांत आज्ञा वरची, हे आपल्याला साताऱ्याच्या पोरांना कोणी शिकवायला नको. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक इथेच येऊन राहिले ना! अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन दशकांहून जास्त काम केलेला माणूस, नाव झालेलं, वय पंचावन्नच्या पुढे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी उभी केली, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आणि न झालेल्यांसाठीही. प्रभू बोलावतोय म्हणून ते निघाले, पुढे काय होईल याचा हिशोब मांडून नव्हे. मे १९१९ मध्ये ते गेलेसुद्धा. दोन वर्षंही मिळाली नाहीत. कोणी त्याला अपयश म्हणेल, मी म्हणणार नाही.

आणि एकदा येऊन गेलास की संपलं, असंही धरू नकोस. तू रोज ज्या दवाखान्यावरून जातोस, तो उभारणारे वानलेस डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू झालं आणि ते निवृत्त झाले १९२८ मध्ये. पहिल्या वर्षांचा उत्साह कोणालाही असतो. पुढच्या तीसेक वर्षांत कितीतरी सकाळी त्यांना काहीच वाटलं नसेल, तरी ओपीडीत रांग लागलेली असणार आणि ते जाऊन उभे राहिले असणार. माझ्या लेखी बांधिलकी ती. दादाकडे तुला दुसऱ्यांदा यावं लागेल, दिवाळीला, नाताळला, वहिनींच्या आजारपणात, आणि दर वेळी मन भरून येईलच असं नाही.

घराच्या वाटणीचं मात्र स्पष्ट लिहितो. समेट करणं म्हणजे हक्कसोडपत्रावर सही करणं नव्हे. वडिलांच्या घरात तुझा वाटा असेल तर तो आहे. सिटी सर्व्हेचा उतारा काढ, वकिलांना दाखव, हे सगळं शांतपणे होऊ शकतं. फक्त पहिल्या भेटीत कागद आणू नकोस. दादा तो विषय काढायला लावेल, वाद उकरेल, तरी त्या दिवशी नको. कागदाला नंतर पुष्कळ दिवस आहेत.

देवाचा आवाज ऐकू येत नाही, असं तू लिहिलंस त्याने माझा जीव तुटला. तुझी श्रद्धा मी लहानपणापासून पाहिली आहे. पण प्रभूचं एक वाक्य पुढ्यात असताना आपण ते ओलांडून दुसरं मागत राहिलो, तर तो काय बोलणार? आधीचं तर अजून तसंच पडलंय.

पुढच्या शनिवारी ये. कोयना एक्स्प्रेसने आलास तर माहुलीच्या स्टेशनावर मी गाडी घेऊन येतो. जेवण आमच्याकडे, हिने तुझ्यासाठी आखा मसूर करायचं ठरवलंय. संध्याकाळी दादाच्या गल्लीपर्यंत मी सोबत येईन, दारापर्यंत नाही. “दोघंच असताना” असं लिहिलंय. दादाला मी काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. तो संध्याकाळी सहानंतर घरीच असतो.

बुधवारपर्यंत फोन कर, म्हणजे वरची खोली झाडून ठेवतो. रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन आहे.

तुझा,
प्रभाकर